सटाण्यात राहिलेली ट्रायल

इंदिरानगरातून सटाण्याला जायला शहाणी माणसं एसटी पकडतात. आम्ही ऐन जानेवारीत उघड्या टपाच्या, दोन सीटांच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारमधून गेलो, आणि तेही माझ्या ऐंशी पार केलेल्या वडिलांना कानटोपी, मफलर आणि वर शाल गुंडाळून. नवरा म्हणाला, "बापलेकींना वेड लागलंय." त्याला गाडीत जागाच नव्हती, म्हणून त्याचं मत मी धरलं नाही.

जायचं कारण सांगते. ही गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला असताना देवळालीच्या एका निवृत्त फौजी साहेबाकडून घेतली. तिचं सगळं काम वामन मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये व्हायचं. मिस्त्रींची शिस्त कडक. प्रत्येक कामाचं कार्ड लिहून गाडीच्या फाईलला लावायचं. काम संपलं की मालकाने गाडी चालवायची, मिस्त्रींनी शेजारी बसायचं, आणि ट्रायल झाली असं कार्डावर लिहिल्यावरच फाईल मालकाच्या हातात द्यायची. एकदा ब्रेकच्या कामानंतर अण्णांना ड्यूटीची घाई होती. ते ट्रायल न देताच गाडी घेऊन निघाले, मिस्त्रींनी फाईल ठेवून घेतली. अण्णा मागायला गेले नाहीत, मिस्त्री द्यायला आले नाहीत. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे दोघे. पुढे मिस्त्री गॅरेज बंद करून गावी गेले, फाईलही गेली.

गाडी आता मी चालवते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कोणी सर्व्हिसचे कागद विचारले की मला गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. पण कागद हे अर्धंच कारण. गेल्या वर्षी अण्णांचे दोन जिवलग मित्र गेले. तेव्हापासून ते मिस्त्रींचं नाव फार काढायला लागले. शिव्या घालत काढायचे, पण काढायचे. सटाण्यात कांद्याचा व्यापार करणाऱ्या माझ्या आतेभावाने मिस्त्रींचा मळा शोधून दिला आणि मी ठरवून टाकलं. हे दोघे जिवंतपणी भेटले नाहीत, तर मला जन्मभर चुटपुट लागेल.

सकाळी ऊन अंगावर आल्यावर निघालो. हायवे उत्तम आहे, पण अशी बुटकी गाडी असेल तर कांद्याच्या ट्रकांपासून लांब राहा, सालपटं थेट तोंडावर येतात. पिंपळगावला मिसळ खाल्ली. झणझणीत, पाव मागाल तितके, दोघांचं मिळून अडीचशेच्या आत. टोलनाक्यावरच्या मुलाने वाकून विचारलं, "ताई, कंपनी कोणती?"

"बंद पडलेली," मी म्हटलं.

"आणि गाडी?"

"ती चालू आहे. दांडा वर कर."

वडाळीभोईला हायवे सोडला. भावडबारी घाटात अण्णा प्रत्येक वळणावर स्वतःच्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. देवळ्यात मी चहाला थांबू म्हटलं, तर "नको, उशीर होईल" म्हणाले. कशाला उशीर होणार होता, देव जाणे. हात मात्र सारखे मफलरशी चाळा करत होते. माझे वडील घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

मळा गावाबाहेर, कच्च्या रस्त्याला. मिस्त्री ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. काठी टेकत उठले, अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ गाडीपाशी येऊन बॉनेटवर हात ठेवला.

"तीच शे," ते म्हणाले. मग अण्णांकडे वळले. "आज बी घाई शे का, साहेब?"

"नाही," अण्णा म्हणाले. "रिटायर झालो."

मी पुढे सरसावले. "काका, ती फाईल मिळाली असती तर..."

"फाईल कशी देऊ, बेटा? ट्रायल बाकी हे ना."

"मग चला की, मी चालवते."

"कार्डावर नाव तुझं हे का?"

झालं! डोळ्याच्या ऑपरेशननंतर अण्णांचं ड्रायव्हिंग मीच बंद केलं होतं, आणि त्यावरून आमची चांगली भांडणं झाली होती. मी नाही म्हटलं. दोघे म्हातारे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच त्यांच्यात भांडण लावलं होतं. शेवटी कांदा साठवायच्या चाळीपर्यंत आणि परत, पहिल्या गिअरमध्ये, या अटीवर किल्ली दिली. रस्ता मिस्त्रींच्याच मळ्यातला होता, समोरून यायला कोंबड्याच काय त्या.

गाडी हळूच गेली, चाळीमागे वळली, आणि आवाज बंद झाला.

मिस्त्रींची सून चहा घेऊन आली. "येतील हो ताई, बसा," ती म्हणाली. मी बसले नाही. थोडा वेळ वाट पाहिली आणि मग साडी खोचून पळत सुटले. चाळीमागे गाडी नीट उभी होती आणि दोघे आत बसून तंबाखू मळत होते.

"ब्रेक बघतोय," अण्णा मला म्हणाले.

"लागला ना?" मिस्त्रींनी त्यांना विचारलं.

"लागला." अण्णांनी मळलेली तंबाखू त्यांच्यापुढे धरली. "त्या दिवशी चुकलं माझं, वामनराव."

हे वाक्य अण्णांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आईनेही ऐकलं नसणार.

"माझं बी," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या दिशी मीच यायला पायजे व्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली, असं मी म्हणाले.

फाईल खताच्या पिशवीत गुंडाळलेली, आत डांबराच्या गोळ्या. दर दसऱ्याला हत्यारांबरोबर तिचीही पूजा व्हायची, म्हणून पुठ्ठा हळदीकुंकवाने माखलेला. मिस्त्रींनी शेवटच्या कार्डावर ट्रायल झाली, ब्रेक ठीक असं लिहिलं आणि फाईल अण्णांच्या हातात दिली. "इंजिनचा आवाज कोनी बिघडवला?" माझ्याकडे बघत म्हणाले. "ते माझं काम नाय. कार्डावर माझं काम फकस्त ब्रेकचं शे." बाजरीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत असं जेवण झाल्याशिवाय त्यांच्या सुनेने सोडलं नाही. हॉटेल शोधत बसू नका, तिकडे ओळख काढा.

परतीच्या वाटेवर अण्णा फाईल मांडीवर धरून पिंपळगावपर्यंत झोपले. एका दिवसात आरामात होणारा प्रवास आहे, फक्त संध्याकाळी हायवेवर ट्रक वाढायच्या आत घरी पोचा.

कागद आता गाडीच्या खणात आहेत. पुढच्या मेळाव्यात मी ते कसे मिरवणार आहे, हे माझं मलाच माहीत. पण ज्यासाठी गेले होते ते साधलं, हे परवा समजलं. "त्या मिस्त्रीने माझे कागद अडकवले," हे अण्णांचं वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. परवा नवऱ्याचे मित्र गाडी बघायला आले होते. त्यांना फाईल दाखवत अण्णा म्हणाले, "माझ्या एका मित्राने सांभाळून ठेवली होती."