सासूबाईंचा काळा चष्मा आणि केळझरचा मंगळवार

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगते. कबूल करूनही हसालच म्हणा, पण निदान तोंडातला चहा आधी गिळा.

लग्न होऊन वर्ध्याहून सेलूला आले तेव्हा मी सोबत दोन गोष्टी आणल्या. एक अबोलपणा, तो जन्मापासूनचा. दुसरं जुन्या काळ्यापांढऱ्या गुप्तहेरी सिनेमांचं वेड, ते बाबांकडून आलेलं. केबलवर दुपारी लागायचे ते. ओला रस्ता, तिरकी हॅट, सिगरेटचा धूर, खिडकीच्या पट्ट्यांची सावली अंगावर घेऊन उभी असलेली बाई. कोणी खरं बोलत नाही, आणि तरी सगळे कसे देखणे दिसतात! रंगीत सिनेमात बाई खोलीत आली की आधी साडी दिसते. इथे आधी संशय दिसतो. पन्नास वर्षं जुने झाले तरी ते उगाच नाही लोक बघत.

त्यातला हेर फार बोलत नाही. मला तेवढंच हवं होतं. नवरा कौतुकानं विचारायचा, "करमते का इथं?" मी खिडकीबाहेर बघून म्हणायची, "बघू." भाजीत मीठ जास्त झालं का, विचारलं की नुसती एक भुवई वर. मला वाटायचं, काय गूढ दिसत असेन मी.

तर मंगळवार. आमच्या ह्यांचं कापडाचं दुकान त्या दिवशी बंद. हे जेवून स्कूटर काढायचे, "नागपूरले माल पाहून येतो" म्हणायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. एकदा ह्यांचा रुमाल धुवायला घेतला, तर त्यावर लालसर डाग.

लिपस्टिक! दुसरं काय असणार?

तुम्ही म्हणाल, अगं, रंग तरी नीट पाहायचा. पण माझं सगळं शिक्षण काळ्यापांढऱ्यात झालेलं. तिथे लिपस्टिक काळी, रक्तही काळंच.

गंमत आता वाटते. तेव्हा अजून अंगाची हळद उतरली नव्हती, आणि माहेरी परत जायचं तर कुठली बॅग न्यायची इथपर्यंत माझं ठरून गेलं.

पुढच्या मंगळवारी पाळत ठेवायची म्हटलं. वेषांतराला हॅट नव्हती. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा मोठा काळा चष्मा मात्र होता, बाजूनंही झाकलेला. तो उचलला, मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं, आणि हे स्कूटरवर नागपूर रस्त्याला लागताच मी एसटीत चढले.

सिनेमातला हेर गर्दीत मिसळून जातो. सेलूच्या एसटीत नवी सून कशी मिसळणार? तिकिटाला हात वर केला तर हिरव्या बांगड्या अशा वाजल्या की अख्खी गाडी वळून बघायला लागली. "काऊन वहिनी, डोळे आले काय?" कंडक्टरनं विचारलं. शेजारच्या आजींनी गुलाबपाणी सुचवलं. मागच्या बाकावरचे काका आमच्याच दुकानाचे गिऱ्हाईक निघाले.

आणि एवढ्यात गाडीनं ह्यांच्या स्कूटरला मागे टाकलं. ज्याचा पाठलाग करायचा तोच माझ्या मागे!

"तुमचे मालक मागून येऊन राह्यले," कंडक्टर म्हणाला. "थांबवू का गाडी?"

मी सीटखाली पडलेलं काहीतरी शोधू लागले. पुन्हा डोकं वर काढून मागच्या काचेतून पाहिलं, तर स्कूटर केळझरच्या मंदिराकडे वळत होती. देवळात भेटतात? केवढा हा निर्लज्जपणा! मी गाडी थांबवून उतरले.

पायऱ्यांशी हारवाली मावशी बसली होती. हे तिच्याकडून दुर्वा घेऊन वर गेले. ओळख जुनी दिसली. मी चष्मा सावरला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "हा माणूस इथे कोणासाठी येतो?"

मावशी जणू वाटच बघत होती. "बायकोसाठी. सेलूचा कापडवाला हाये. लाखाचा पोरगा, पण बायको मुकी भेटली बिचाऱ्याले. दर मंगयवारी गणपतीले मागते, तिले बोलती कर म्हणते."

"मुकी?"

"एक शब्द नाई बोलत. नुसती खिडकीतून पाह्यते म्हणे. तिच्या मायबापानं फसवलं गरिबाले."

तेवढ्यात हे पायऱ्या उतरून आले. कपाळावर शेंदूर, आणि शेंदराचं बोट रुमालाला पुसत. केस संपली.

"हा तर आईचा चष्मा," हे म्हणाले.

इथे हेरानं दोन शब्द बोलून धुक्यात निघून जायचं असतं. पण माझ्या बाबांनी फसवलं? मी चष्मा काढला आणि सुटले. मुकी का? मी मुकी? मग रुमालाचा डाग, नागपूरचा माल, भरायला काढलेली बॅग, भाजीतलं मीठ, खोलीतला करकरणारा पंखा, लग्नापासूनचं तुंबलेलं सगळं त्या पायऱ्यांवर वाहिलं.

मावशीच्या मांडीवरच्या दुर्वा खाली सांडल्या. "बोलली!" ती ओरडली. "कापडवाल्याची मुकी बोलली!"

कोणीतरी वर घंटा वाजवली. दोन बायका माझ्या पाया पडल्या. माझ्या हातातला चष्मा बघून एक आजोबा हात जोडत म्हणाले, "दिसाले बी लागलं वाट्टे."

हे बिचारे सगळ्यांना सांगत होते, मुकी नव्हती हो, फक्त बोलत नव्हती. कोण ऐकतं! नवस फळला म्हणून साऱ्या पायऱ्यांना पेढे वाटल्याशिवाय आम्हाला सोडलंच नाही.

परतताना मी स्कूटरवर मागे बसले. मग हे पुढे बघतच म्हणाले, "मले वाटे, मी तुले पसंतच नाई."

माझ्या ओठांवर "बघू" आलं होतं. गिळलं. म्हटलं, "पसंत आहात."

सिनेमे मी अजून बघते. खिडकीशी उभी राहणारी, संशय वाटावा अशी बाई या प्रकरणात कोण होती, ते तुम्हाला कळलंच असेल. घरी मी आजही कमीच बोलते. पण केळझरला गप्प राहायची सोय उरलेली नाही. मिनिटभर शांत उभी राहिले की मावशी खालून हाक मारते, "काऊन वो बाई, वाचा गेली काय पुन्हा?" लोक वळून बघतात. मग देवाच्या अब्रूसाठी मला भर पायऱ्यांवर उभं राहून, मोठ्यानं, आज काय भाजी केली ते सांगावं लागतं.