पेन्सिलीने लिहिलेले मार्क

बारा वर्षं झाली, हे माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, आईला माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर मी माफी मागत फिरणाऱ्यांतला नाही एवढं तरी तुम्हाला ठाऊक असेल.

मोताळ्यात माझं शेती अवजारांचं दुकान आहे. रोटाव्हेटर, पेरणी यंत्रं, फवारणीचे पंप. बापाने दिलेलं नाही, सासऱ्याने दिलेलं नाही. मी उभं केलं. हा माणूस घासाघीस केल्याशिवाय उठत नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे. नेमकं तेच सांगायचं आहे.

पण आधी मीच विचारतो — इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मार्क कसे देतात, कधी पाहिलंय? मी पाहिलंय. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात. अकराला येतात, जेवण झालं की निघतात. तेवढ्यात सगळ्या वर्गाचे प्रोजेक्ट उरकायचे. पडद्यावरच्या स्लाइड बघायच्या, सोनेरी अक्षरांचा जाड रिपोर्ट चाळायचा. आमच्या वर्गात निम्म्या ग्रुपांनी प्रोजेक्ट शहरातून तयार विकत आणला होता. रंग अजून हाताला लागत होता, आणि कुठला बोल्ट कशासाठी हे चौघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. तरी मार्क त्यांनाच जास्त, का? तर वस्तू चकचकीत. याचा राग मला तेव्हा होता, आजही आहे.

आमचा प्रोजेक्ट आम्ही स्वतः बनवला होता. आम्ही — बघा, अजूनही तसंच तोंडात येतं. प्रवीणने बनवला होता. धामणगाव बढ्याचा प्रवीण. कपाशीच्या दोन ओळींतून ढकलत न्यायचा फवारणीचा गाडा. चाक फिरलं की पंप आपोआप चालायचा, पाठीवर ओझं नाही. आकृत्या त्याच्या, गणित त्याचं, वेल्डिंगही त्याचंच, मामाच्या दुकानात. ग्रुपमधले बाकीचे दोघे नावापुरते होते. आणि मी? मी रिपोर्ट बांधून आणला, सरांच्या मागे लागून तारखा घेतल्या. बोलायचो मी. सरांपुढे ‘मले’, ‘तुले’ निघेल म्हणून प्रवीण गप्पच बसायचा. पुण्याच्या एका कंपनीत त्याची निवड झाली होती — फर्स्ट क्लास येईल या अटीवर. तो काठावर होता. हे मला ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी गाईड सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ग्रुप लीडर म्हणून. मार्कांचा तक्ता टेबलावर उघडाच होता. आमच्याकडे रीतच अशी — परीक्षक यायच्या आधी मार्क पेन्सिलीने भरायचे, मागाहून शाईने गिरवायचे. आमच्या चौघांपुढे एकच आकडा होता. चांगला होता. माझा फर्स्ट क्लास तर कधीच पक्का झाला होता. त्या आकड्यावर मी उठून गेलो असतो, तर कोणाचंच काही बिघडलं नसतं.

उठलो नाही.

“सर, एवढेच? विकत आणलेल्यांना आमच्याहून जास्त?” माझा आवाज चढला. सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “तुमचे वाढवतो. पण चौघांचे सारखेच वाढवले तर एक्स्टर्नल सही करणार नाहीत. एकाला खाली आणावं लागेल. लीडर तू आहेस. काम कोणी कमी केलं, सांग.”

त्या दोघांपैकी एकाचं नाव घेता आलं असतं. ते खरंही ठरलं असतं. पण ते दोघे विचारायला आले असते, भांडले असते. प्रवीण — प्रवीण कधीच विचारणार नव्हता.

“प्रवीणने फक्त वेल्डिंग केलं, सर.”

सरांनी खोडरबर उचलला.

बाहेर आलो तर दारात प्रवीणच. गाड्याच्या टाकीत पाणी भरून, परीक्षकांना गाडा कधी दाखवायचा ते विचारायला वर आला होता. माझा चढलेला आवाज त्याने ऐकला होता. शब्द ऐकले नव्हते.

“काऊन बे, सरासंग कायले भांडून राह्यला?”

“तुझ्यासाठीच,” मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

परीक्षक खाली आलेच नाहीत. टाकीतलं पाणी प्रवीणने संध्याकाळी कॉलेजच्या झाडांना सोडलं. निकालात त्याचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला, कंपनीचं पत्र रद्द झालं. आता गावात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. आणि माझे वाढलेले मार्क? ते आजवर कोणी विचारलेले नाहीत. रोटाव्हेटर घेणाऱ्याला त्यांचं काय?

सर चुकले, परीक्षक चुकले, ती रीत सडकी होती — हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. पण सरांनी कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. नाव मी घेतलं. गरज नसताना, फक्त त्या टेबलावरून रिकाम्या हाताने उठायचं नाही म्हणून.

मागच्या बाजारच्या दिवशी प्रवीण दुकानात आला. एक गिऱ्हाईक रोटाव्हेटरच्या भावावरून तासभर माझ्याशी झुंजत होतं. प्रवीण हसला. “यासंग भाव करता का भाऊ? आज घरी जाणं नाई वाटते! पर माणूस सोन्याचा आहे. माह्यासाठी सरासंग भांडला होता हा. सख्खा भाऊ नाई भांडत.”

गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “मंग राहू द्या. तुम्ही म्हनान तोच भाव.”

प्रवीण माझ्याकडे बघत होता, कौतुकाने. त्याच क्षणी सांगता आलं असतं.

मी तो भाव घेतला.