बाबांच्या समोर

कुकरची शिट्टी झाली तसे बाबा हातातले मटार ठेवून उठले आणि गॅस बारीक करून आले. त्यांचे कान शाबूत आहेत. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून शब्दांतले आवाज तेवढे त्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. आमचं बोलणं म्हणजे त्यांना नुसती गलबल वाटते. वाचता मात्र येतं, म्हणून घरात एक पाटी आणली आहे.

सुरुवातीला आम्ही त्यांच्यासमोर जपून बोलायचो. परवा आत्या त्यांच्या शेजारी बसूनच आईला म्हणाली, "वहिनी, तुम्ही किती दिवस उस्तवार करणार याची?" मी डोळ्यांनी खुणावलं, तर म्हणाली, "अगं, त्याला कुठे कळतंय!" मला तिचा राग आला.

आणि आज मीच त्यांच्यासमोर बसून मैत्रिणीला फोनवर सांगत होते, की बंगळूरची नोकरी मी घेतेय, या घरात जीव गुदमरतो. पूर्वी साधे परीक्षेचे मार्क सांगायलाही मी गॅलरीत जायचे.

फोन ठेवला, तर बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी पाण्याचा पेला हळूच माझ्यापुढे सरकवला. शब्द एकही पोचला नव्हता; माझा आवाज कापत होता, तो पोचला होता.

पाटीवर अजून सकाळचंच होतं, 'गोळी घेतली का?' मी ते पुसलं. फोनवर भराभर बोललेलं सगळं इथे लिहिता आलं असतं. मी 'बाबा' एवढंच लिहिलं. पुढच्या शब्दासाठी ते पाटीकडे बघत थांबले.