ताईने ठेवलेल्या उजेडाच्या पट्ट्या

फोन आला तेव्हा मी उमरोळीत एका शाळेच्या गच्चीवर सोलरच्या तारा तपासत होते. ताई गेली. झटका आला, बोईसरच्या दवाखान्यात पोचायच्या आतच... मी ‘बरं’ म्हणाले, उरलेल्या तारा तपासल्या, हात धुतले आणि मग खाली उतरले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

आम्ही बहिणी पालघरला एकाच ऑफिसात बसायचो. ती इमारतींचे आराखडे करायची, मी विजेचं बघायचे. नवापूरच्या कोळणींना मासळी निवडायला आणि जाळी शिवायला नवी शेड हवी होती, शिवाय सोलरवर चालणारं बर्फाचं मशीन. मी अख्खं छप्पर पॅनेलांनी भरून टाकलं. ताईने कागद पाहिला. “आणि खाली बायकांनी भर दुपारी दिवे लावून बसायचं?” त्यावरून आमचा अबोलाच झाला.

मग एके सकाळी ती मला नवापूरला घेऊन गेली. जुन्या शेडचे पत्रे उतरवले होते. दोन गडी उघड्या छपरावर पॅनेलांच्या जागी ताडपत्री हळूहळू ओढत होते, खाली कोळणींपैकी निर्मलाबाई जाळं शिवत होत्या. ताई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलेली.

“दिसेनासं झालं की सांगा हं.”

ताडपत्री सरकत राहिली... “थांब गो बाय, आता गाठ दिसत नाय!” ताडपत्री जरा मागे घेतल्यावर त्या म्हणाल्या, “आता बरोबर हाय. पन बर्फ कमी नको करू, त्यो पन पायजे आमाला.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. “ऐकलंस? आता दोघी बसून जमवू.”

जमलं. पॅनेलांच्या रांगांमध्ये काचेच्या पट्ट्या ठेवल्या. त्यामुळे छपरावरून कमी झालेली पॅनेलं तिने दक्षिणेच्या भिंतीवर छज्ज्यासारखी बसवली. मासळीवर येणारं ऊनही अडलं.

शेड सुरू झाली तेव्हा ती नव्हती. मशीनमधून पहिला बर्फ पडला तशा बायका आनंदाने ओरडल्या. निर्मलाबाईंनी माझा हात धरला. “रागीट होती तुजी बहीन. पन आमच्यात बसायची.” मी मान हलवली. आत काहीच हललं नाही.

परवा तिच्या खोलीत साड्या आवरायला बसले. तिथे दिवसा दिवा लावायला ताईची बंदी असायची. खिडकीशी सरकायचं, पण बटण दाबायचं नाही. घड्या घालता घालता अंधारून आलं. शेवटच्या साडीचा रंगही कळेना. तरी मी उठले नाही... ती ‘लाव गं आता’ म्हणेल म्हणून तशीच बसून राहिले.