एकोणीस बायकांची खरखर

आकेनेसेच्या हाताखालून गेलेली गाडी परत येत नाही, असं सवाईई बेटावर म्हणत. चर्चची व्हॅन मात्र तिसऱ्यांदा आली होती, तीही शनिवारी सकाळी, अख्ख्या गायनमंडळासकट.

फणसासारखी फळं धरणाऱ्या एका डेरेदार ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली तिची गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड. सोळा वर्षं ऑकलंडच्या एका गॅरेजात घालवून, आई आजारी पडली म्हणून ती गावी परतली. आई बरी झाली, वर हिला कामाला लावून मोकळी झाली. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, कुणाचं उगाच कौतुक केलं नाही, आणि चुकले म्हणाल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

"आवाज आहेच," गायनमंडळाची म्होरकी लुपे खाली उतरत म्हणाली. "अॅक्सिलरेटर दाबला की खर्रर्र! दगड दळल्यासारखा."

"मागल्या चाकाचं बेअरिंग बदललं. मग इंजिनखालचं रबर बदललं. दोन्ही वेळा मी स्वतः चालवून पाहिली. चूं नाही की चां नाही."

"म्हणजे आम्ही एकोणीस जणी खोटं बोलतो?"

"तुम्ही एकोणीस जणी गाता. गाण्यात काय काय ऐकू येतं, देव जाणे."

बायका फिसकन हसल्या. लुपे हसली नाही. "हे बघ बाई, दहाची बोट आहे. पलीकडच्या उपोलू बेटावर गाण्याची स्पर्धा आहे. आज आवाज गेला नाही, तर सोमवारपासून व्हॅन धक्क्यावरच्या गॅरेजात. पाद्रीबाबांशी बोलणं झालंय."

हे मात्र लागलं. धक्क्यावरचा तो पोरगेला मेकॅनिक गाडीला संगणक जोडतो आणि स्वतः कानात गाणी लावून बसतो. चर्चची व्हॅन त्याच्याकडे गेली, की पाठोपाठ गावही जाणार. आकेनेसेने किल्ली हिसकावली, व्हॅन एकटीने शाळेपर्यंत नेली, चढ चढवला, परत आणली. आवाज नाही.

"बघा!"

"आता आम्हाला घेऊन बघ," लुपे म्हणाली.

आकेनेसेची नजर व्हॅनमधल्या सीटांवर गेली. ऑकलंडला ती सगळ्या गाड्या एकटीनेच चालवून तपासायची. तिथे व्हॅनमध्ये नऊ म्हणजे नऊच माणसं बसत. इथे नऊ जणी बसतात, नऊ जणी त्यांच्या मांडीवर, आणि उरलेली एक जिथे जागा दिसेल तिथे. गावात परतून अकरा वर्षं झाली होती, आणि हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"चढा सगळ्या," ती पुटपुटली.

चढल्या. जाड्या खाली, बारक्या वर. मागचे स्प्रिंगचे पाटे कण्हले, व्हॅनचं बूड खाली टेकायला आलं. आकेनेसेने चटई बाजूला सारली आणि पायांच्या गर्दीत आडवी होऊन तळाच्या पत्र्याला कान लावला. चालवायला पाद्रीबाबांचा भाऊ इओआने.

व्हॅन निघाली आणि गाणं सुरू झालं.

"गप्प बसा!"

दोन क्षण शांतता. मग कुणाचा तरी अंगठा आकेनेसेच्या बरगडीत रुतला, ती ओरडली, आणि सगळी व्हॅन खिदळायला लागली. पुन्हा गप्प केलं, तर मागून कुणीतरी गुणगुणलंच. पुन्हा हसू. चढ आला आणि गेला.

"लुपे, यांना आवर!"

"मी गायला लावते. गप्प करायला शिकले नाही."

पुढच्या सीटवर पाद्रीबाबांची बायको बसली होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिने मान वळवली आणि हळूच म्हणाली, "आपण प्रार्थना करू या. मनातल्या मनात."

एकोणीस माना खाली गेल्या. डोळे मिटले. श्वाससुद्धा जपून.

"इओआने, डोळे उघडे ठेव!" आकेनेसे खालून कुजबुजली. "वळव, आणि चढावर अॅक्सिलरेटर दाब."

त्याने दाबला. मागचं बूड आणखी बसलं, आणि थेट तिच्या कानाखाली खर्रर्र झालं. सोडला, थांबलं. दाबला, पुन्हा खर्रर्र.

"आमेन!" आकेनेसे किंचाळली. "थांबव!"

शेडपाशी परतून जॅक लावला आणि ती व्हॅनखाली सरकली. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब शाफ्टवर एक गोल पट्टा घासून चांदीसारखा चकाकत होता. त्याच्या वरच सायलेन्सरची धग अडवणारा पत्रा लोंबत होता. ओझं वाढलं की व्हॅन खाली बसे, शाफ्ट पत्र्याला भिडे. पत्रा लोंबत होता, कारण तो बोल्टऐवजी तारेने बांधला होता. तारेला दुहेरी पीळ, टोक आत मुडपलेलं. असा पीळ अख्ख्या बेटावर एकच बाई देते. इस्टरच्या आधी बोल्ट मिळाला नाही, म्हणून 'तात्पुरता' दिलेला.

ती तशीच पडून राहिली. तार खिशात घातली असती, तर कुणाला कळलं असतं?

"सापडलं का गं?" लुपेने वाकून विचारलं.

"सापडलं." आकेनेसे बाहेर आली आणि तार तिच्या हातावर ठेवली. "माझीच आहे. चुकले."

एकोणीस बायका पुन्हा गप्प झाल्या, आणि या वेळी कुणी प्रार्थना सांगितली नव्हती.

पत्रा ठोकून वर वाकवणं, दोन बोल्ट आवळणं: वीस मिनिटांचं काम. इओआने घड्याळाकडे बघून घाम पुसत होता. आकेनेसे हात पुसून बाजूला झाली.

"उभी काय राहिलीस? चढ," लुपे म्हणाली.

"मी कशाला?"

"ऐकायला. आमच्या कानांवर तुझा विश्वास नाही ना?"

"जागा कुठेय?"

लुपेने स्वतःची मांडी थोपटली.

अशी ग्रीस लागलेल्या कपड्यांनिशी आकेनेसे लुपेच्या मांडीवर बसून धक्क्याकडे निघाली. चढाच्या पायथ्याशी लुपेने हात वर केला. सगळ्या गप्प. इओआनेने दाबला. इंजिन घुमलं, टायर वाजले, टोपलीतले उकडलेले तारोचे कंद एकमेकांवर आपटले. बस्स, तेवढंच.

माथ्यावर पोचताच लुपेने हात खाली आणला आणि वीस जणींनी सूर लावला. विसावी बेसूर होती.

"आता ही खरखर कुठून आली गं?" लुपेने विचारलं.

"गप! गाडी तपासतेय," आकेनेसे म्हणाली आणि आणखी मोठ्याने गायला लागली.