‘ती सापडली तर तिचं काय करनार?’

चाकण परिसरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, तेव्हाची ही घटना अजून जशीच्या तशी मनात आहे. त्यातली माणसे आजही याच भागात राहतात, कामधंदा करतात. म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. ठाणे अंमलदार आत आले. "साहेब, एक मॅडम आल्यात. तक्रार द्यायची नाही म्हणतात, पण जायलाही तयार नाहीत."

मॅडम म्हणजे तिशीच्या आतली एक मुलगी होती. पुण्यातल्या एका संस्थेसाठी ती संशोधन करत होती. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका मदतीसाठी कोणाकडे जातात, आणि गेल्यावर दवाखान्यातले, पंचायतीतले, पोलिसातले लोक त्यांच्याशी कसे वागतात, हा तिचा विषय. त्यासाठी कंपन्यांच्या मागच्या वस्त्यांत ती घरोघरी हिंडत होती.

"सर, मुलाखतीत बाईनं जे सांगितलं ते बाहेर बोलायचं नाही, असा शब्द आम्ही देतो," ती म्हणाली. "त्यामुळे ती काय बोलली ते मी सांगणार नाही. पण तिनंच मला पुन्हा बोलावलं होतं. मी गेले तर खोलीला कुलूप. नवरा म्हणतो, माहेरी गेली. मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"ती जिवंत नसेल याची."

एवढे बोलून तिने पत्ता सांगितला आणि ती रडू लागली. खबर देणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त सांगतो. ही मुलगी जाणूनबुजून कमी सांगत होती. मी गाडी काढायला सांगितले.

ती वस्ती म्हणजे एका जुन्या शेतकरी कुटुंबाने उरलेल्या जमिनीवर बांधलेली खोल्यांची रांग. भाडेकरू बहुतेक मराठवाड्यातले. या बाईचा नवराही तिकडचाच, सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मशीनवर होता. त्याला कामावरून बोलावून घेतले. घाबरला होता, पण उत्तर तयार होते. "साहेब, मीच तिला चौकातून ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसवून दिलं. आई आजारी आहे तिची."

खोली उघडायला लावली. आतली कडी उचकटलेली होती. दाराच्या चौकटीवर, हात टेकेल एवढ्या उंचीवर, एक वाळलेला तपकिरी डाग होता. पंच बोलावून पंचनामा केला, डागाचा नमुना तपासणीला पाठवला. मग तिच्या माहेरी फोन लावला. फोन भावाने उचलला.

"आक्का? आक्का हितं कुठं आली, साहेब? दाजी तर म्हणले, तिचा मोबाईल बिघडलाय म्हणून फोन येत न्हाई. आई बी ठणठणीत हाय आमची."

भाऊ मिळेल त्या गाडीने निघाला. बाई बेपत्ता असल्याची नोंद झाली आणि नवऱ्याची चौकशी सुरू झाली. पहिले काही तास तो गाडीत बसवल्याचेच सांगत राहिला. गाडी कोणती, तिकीट कुठे काढले, पिशवी कुठल्या रंगाची, हे विचारत गेल्यावर तो अडखळू लागला. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "मारलं होतं मी तिला. त्या दिवशी जरा जास्तच झालं. पण मी ड्युटीला गेलो तेव्हा ती घरात होती. आलो तर नव्हती."

"मग गाडीत बसवली असं का सांगितलंस?"

"बायको पळाली असं सांगू का, साहेब? कंपनीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी शोधतोच आहे तिला. देहू झालं, आळंदीच्या धर्मशाळा झाल्या."

मला त्यातला एक शब्दही खरा वाटला नाही. बायकोला मारून नाहीसे करणारे नवरे असेच बोलतात, हे मी पुष्कळ पाहिले होते. जवळच्या दगडखाणीत पाणी साचलेले होते. तिथे माणसे उतरवली. भाऊ काठावर उकिडवा बसून होता. गळ वर येई तेव्हा तो डोळे मिटून घेई आणि आमच्या माणसांनी "काही नाही" असे ओरडल्यावरच उघडी. त्याच्याकडे पाहणे मला जड जात होते.

दरम्यान वस्तीतल्या बायकांचे जबाब आले होते. ते वाचताना मी एका जागी थांबलो. प्रत्येकीचे म्हणणे एकच होते, "ती सकाळच्या एसटीनं माहेरी गेली." खरे बोलणाऱ्या चार माणसांचे सांगणे कधी तंतोतंत जुळत नाही. कोणाला वेळ आठवत नाही, कोणाला साडीचा रंग. हे इतके सारखे होते, म्हणजे आधी ठरवलेले होते. पण नवरा ट्रॅव्हल्स म्हणत होता आणि बायका एसटी. त्या त्याला वाचवत असत्या, तर त्याचेच खोटे त्यांनी पुढे चालवले असते. मग या बायका नेमक्या कोणासाठी खोटे बोलत होत्या?

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. कमी बोलणाऱ्या, पण माणसाशेजारी बसून राहण्याची चिकाटी असलेल्या. त्यांना मी साध्या वेषात वस्तीवर पाठवले. कोणालाही प्रश्न विचारायचा नाही, एवढेच सांगितले.

त्या थेट घरमालकिणीच्या ओट्यावर जाऊन बसल्या. घरमालकीण साठीच्या पुढची, खमकी बाई. ओट्यावर पावटे सोलत होती. हवालदारही सोलू लागल्या. बराच वेळ गेला. मग घरमालकिणीनेच विचारले, "व्हय गं बाय, ती सापडली तर तिचं काय करनार तुमी?"

हवालदार तिथून उठून ठाण्यात आल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "साहेब, खाणीतली माणसं वर घ्या. ती जिवंत आहे. मेलेल्या बाईबद्दल कोणी असं विचारत नाही."

मी स्वतः गेलो. घरमालकिणीला ठाण्यात बोलावणे सोपे होते, पण तसे केल्याने तिचे तोंड कायमचे मिटले असते. तिने मला पाट दिला, पाणी दिले आणि सरळ विषयाला हात घातला.

"साहेब, मागं एकदा तिला घेऊन मीच चौकीवर गेले व्हते. तुमच्या लोकांनी काय केलं? नवऱ्याला बोलावलं, दोघांना एका बाकड्यावर बसवलं, समजूत घातली आन् एकाच रिक्षात घालून धाडून दिलं. त्या सांजेला त्यानं तिला जे मारलं, ते आमी सगळ्या बायांनी भिंतीपल्याडून ऐकलं. तवाच ठरवलं, आता पोलीस नको."

ती चौकी आमच्याच हद्दीतली होती. प्रकरण माझ्या आधीचे, तरी जबाबदारी आमच्याच ठाण्याची होती. मी म्हणालो, "आता काय केलं तर तुम्ही बोलाल?"

"आदी त्याला आत घ्या. मग बगू."

तिची अट कायद्याला धरूनच होती. नवऱ्याने मारहाण कबूल केली होती आणि भाऊ फिर्याद द्यायला तयार होता. छळ आणि मारहाणीचा गुन्हा दाखल केला, नवऱ्याला रीतसर अटक केली. शिवाय मी घरमालकिणीला स्पष्ट सांगितले, की सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने कुठे राहत असेल, तर तिला ओढून आणण्याचा पोलिसांना अधिकार नाही. ती जिवंत आहे आणि सुखरूप आहे, एवढे तिच्या तोंडून ऐकले की बेपत्ताची नोंद बंद होईल.

घरमालकिणीने पदराला हात पुसले. "चला मग. रावेतला माज्या लेकीकडं हाय ती."

लेक एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला होती, नव्या सोसायटीत राहत होती. दार तिनेच उघडले. मागे स्वयंपाकघराच्या दारात एक सडपातळ बाई उभी होती. कपाळावर पिवळट पडलेली जखम, उजव्या हाताला पट्टी. वर्दी पाहून ती दोन पावले मागे सरली. मग तिला माझ्यामागे उभा असलेला भाऊ दिसला.

"आक्का," एवढेच तो म्हणाला आणि उंबऱ्यातच खाली बसला. ती येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवू लागली. मी बाहेर लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या छातीवरचा भार उतरला होता. तितका हलका मी नोकरीत क्वचितच झालो असेन.

जबाब महिला हवालदारांनी घेतला, त्याच घरात, बाकी कोणी खोलीत नसताना. त्या दिवशी ती आतून कडी लावून बसली होती, नवऱ्याने दार ढकलून कडी उचकटली होती; चौकटीवरचा डाग तिच्याच फुटलेल्या हाताचा होता. जबाब संपल्यावर ती आमच्यासमोर पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. शेजारणीने तिला आपला कंपनीचा गणवेश घालायला दिला होता, गळ्यात आपले ओळखपत्र अडकवले होते. तोंडाला स्कार्फ बांधून ती पाळी बदलण्याच्या वेळेला बायकांच्या घोळक्यातून कंपनीच्या बसमध्ये चढली. शेजारणीने त्या दिवशी रजा टाकली. ही वाटेतच बसमधून उतरली आणि तिथून घरमालकिणीची लेक तिला रावेतला घेऊन गेली.

"नवरा नाक्यावरच चहा पीत उभा होता," ती म्हणाली. "ड्युटीवरून सुटून आला होता. बस त्याच्या पुढून गेली. मला वाटलं, आता वळखतोय. त्यानं वर बघून पुन्हा चहाच पिला." आणि ती हसू लागली. घरमालकीण हसली, तिची लेक हसली, आमच्या हवालदारही तोंडाला रुमाल लावून हसल्या.

संशोधन करणाऱ्या मुलीला मी संध्याकाळी फोन केला. शब्द मोडल्याचे ओझे तिला होते. दुसऱ्या दिवशी ती रावेतला गेली आणि माफी मागू लागली, तेव्हा त्या बाईने तिला थांबवले. "ताई, तुम्ही गेलात म्हणून तो आत गेला. न्हाईतर किती दिवस दुसऱ्याच्या घरात तोंड लपवून बसले असते मी?"

पुढे कोर्टाकडून तिला संरक्षणाचा आदेश मिळाला. ती माहेरी परतली नाही. त्याच शेजारणीच्या कंपनीत कामाला लागली, आणि आता तिच्या गळ्यात स्वतःचे ओळखपत्र आहे.

या प्रकरणात ठाण्याची मेहनत कमी नव्हती, पण बाईला वाचवले ते तिच्या शेजारणींनी, आणि तेही आमच्यापासून लपवून. ते मी पुढच्या प्रत्येक हजेरीत माझ्या लोकांना सांगत राहिलो. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला नवऱ्याशेजारी बसवायचे नाही, तिचे म्हणणे वेगळ्या खोलीत महिला कर्मचाऱ्याने ऐकायचे, आणि घरी जायचे की नाही ते तिनेच सांगायचे, असा शिरस्ता आमच्या हद्दीत घालून दिला. काहींनी कुरकूर केली. मी ऐकून घेतले, पण शिरस्ता मोडू दिला नाही.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना एके दुपारी ती घरमालकीण ठाण्याच्या पुढच्या दारातून आत आली. सोबत एक तरुण बाई होती, भेदरलेली. घरमालकिणीने तिला खुर्चीत बसवले, स्वतः शेजारी बसली आणि ठाणे अंमलदारांना म्हणाली, "हिचं ऐकून घ्या. तुमचं हुईस्तोवर मी हितंच बसते."