वासुदेवरावांचं पाण्यावरचं घर

शारजात आमच्या वरच्या मजल्यावर वासुदेव पाटणकर राहत. हमरिया फ्री झोनमधल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ते यंत्रं सांभाळायचे. बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपोआप पुढे वाकावं लागे. "सगळी हयात कॉम्प्रेसरच्या आवाजात गेली, तरी ह्यांना ओरडता येत नाही," असं त्यांच्या पत्नी, कुंदाताई, म्हणायच्या.

सत्त्याण्णव साली त्यांच्या ऑफिसात एका परदेशी कंपनीचं कॅलेंडर आलं. जानेवारीच्या पानावर गोठलेलं तळं होतं, त्यावर लाकडाची खोली, आणि खोलीच्या जमिनीला पाडलेल्या भोकात गळ सोडून बसलेला एक म्हातारा. वासुदेवरावांनी ते पान घरी आणलं आणि फ्रिजला चिकटवलं. असं घर आपणही पाण्यावर करायचं, म्हणाले.

"बर्फातल्या माणसाला घर हवं. तुम्हाला वाळवंटात कशाला?" कुंदाताईंनी विचारलं.

"त्याला थंडी बाहेर ठेवायची आहे, मला ऊन. बाहेर काय आहे ते पॅनेलला कुठे कळतं?"

पॅनेल म्हणजे कोल्ड रूमच्या भिंती, दोन पत्र्यांच्या मधे जाड फोम भरलेल्या. कंपनीने जुनी खोली पाडली तेव्हा त्या कचऱ्यात निघाल्या होत्या, आणि वासुदेवरावांनी रीतसर विचारून मागून घेतल्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांची साठी होती. साठी झाली की व्हिसा संपणार आणि पुण्याला परत. इतकी वर्षं या देशात राहूनही स्वतःचं म्हणावं असं काही झालं नव्हतं, फ्लॅटसुद्धा कंपनीचाच. कुंदाताईंच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसायचे. जाण्याआधी एक हिवाळा तरी बायकोला स्वतःच्या घरात, पाण्यावर बसवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मदतीला शैलेंद्र होता. पुण्याहून नोकरीला त्याला वासुदेवरावांनीच आणलं. लग्न होईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. नंतर आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं, तरी आल्या आल्या आधी त्यांचा फ्रिज उघडायचा. आता कंपनीत अॅडमिन मॅनेजर झाला होता, कुणाची ड्यूटी कधी तेही तोच ठरवायचा. "काका, आपण हे असं भारी करू ना, की बघतच राहतील लोक!" तो म्हणायचा. हुशार, गोड बोलणारा मुलगा. मला तो आवडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

हमरियाच्या जवळ एका खाडीवर याकूब नावाच्या म्हाताऱ्या स्थानिक कोळ्याचं आवार होतं. तरुणपणी बोटीवरून मुंबईला जाऊन येऊन त्याला तिथली हिंदी येत होती. त्याने जागा दिली, ती वासुदेवरावांचा चेहरा बघून. मग दर शुक्रवारी काम. माल ठेवायच्या लाकडी पॅलेटची चौकट, तिच्यावर जाड प्लायवूड, खाली निळे प्लॅस्टिकचे ड्रम. ड्रम लोणच्याच्या कारखान्यातून आलेले, कितीही धुतले तरी वास जाईना.

"वासू," याकूब म्हणाला, "इधर मछली आएगी, या लोग रोटी लेके आएँगे?"

जमिनीच्या मधोमध गळासाठी चौकोनी भोक. त्याचं झाकण वासुदेवरावांनी कोल्ड रूमच्या दाराच्या तुकड्यातून काढलं आणि रबराची कड लावून असं बसवलं, की लाटेचा थेंब आत येऊ नये. भिंतीला लागून बाक, बाकाखाली मासे ठेवायला बर्फाची पेटी. पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक छोटी खिडकी. कुंदाताईंनी पडदे शिवले. "मासे काय डोकावून बघणार आहेत?" असं म्हणत म्हणत शिवले.

नोव्हेंबरात घर पाण्यात उतरवलं. शैलेंद्र बाकावर बसला आणि घर त्याच्या बाजूला कललं. "काका, बुडतंय!" "बुडत नाही रे. तू जेवण कमी कर," वासुदेवराव म्हणाले. पाण्याचा कॅन त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला, घर सरळ झालं. संध्याकाळ झाली होती, म्हणून गळ टाकला नाही. पुढच्या शुक्रवारी कुंदाला आणायचं आणि पहिला गळ तिच्या हातून टाकायचा, असं ठरलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांना ड्यूटी लागली. त्याच्या पुढच्याही. रमजान जवळ येत होता, कंपनीत कोंबडीचे आणि फळांचे कंटेनर येऊन थडकत होते, म्हणून त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. "तुम्ही निर्धास्त राहा काका, घराकडे मी बघतो," शैलेंद्र म्हणाला.

एकदा लिफ्टमध्ये त्याची मुलगी ओवी कुंदाताईंना भेटली. हातात वाळूने भरलेली बादली.

"कुठे गं गेली होतीस?"

"आवर फिशिंग हाउस, आंटी! पापा मेड इट."

कुंदाताईंनी हे घरी सांगितलं. वासुदेवराव हसले. "लेकरू आहे. तिच्या दृष्टीने बापानेच केलं."

अखेर एका शुक्रवारी रामचंद्र नावाच्या सहकाऱ्याने आपणहून त्यांची ड्यूटी घेतली. कुंदाताईंनी थालीपिठं बांधली, थर्मासमध्ये चहा भरला. शैलेंद्रला कळवायचं दोघांना सुचलंही नाही. स्वतःच्या घरी जाताना कोण कळवतं? पुढचं मी कुंदाताईंकडूनच ऐकलं, आणि त्या तिखटमीठ लावणाऱ्या नव्हेत.

याकूब त्यांना बघून चकित झाला. "तुम तो छोड़ दिया था ना? शैलेंद्र बोला, घुटना खराब है, वासू अब नहीं आएगा."

वासुदेवरावांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. याकूबने दोघांना होडीतून नेलं.

घराचं दार उघडं होतं. आत शैलेंद्र, आणि बाकावर कंपनीचे जनरल मॅनेजर नीरवसाहेब, हातात गळ. झाकण उघडलेलं, हिरव्या पाण्यात उजेड हलत होता. कडेला सापी आणि शेरी मासे पडले होते. शैलेंद्रचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हसत पुढे आला.

"अरे वा, काका, काकू! या ना, या. बसा. संकोच करू नका, आपलंच घर समजा."

कुंदाताईंनी तोंड उघडलं. वासुदेवरावांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. दोघं दारालगत बसले.

"क्या चीज़ बनाई है शैलेंद्र ने!" नीरवसाहेब म्हणाले. "फ्लोर में होल! ये दिमाग़ किसी इंजीनियर में भी नहीं देखा."

वासुदेवराव शैलेंद्रकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शैलेंद्र, साहेबांना सांग ना, हे झाकण कसं केलं ते."

वाट त्यांनी मोकळी करून दिली होती. एक वाक्य पुरलं असतं.

"छोड़िए ना काका, साहब को डिटेल्स में क्या इंटरेस्ट," शैलेंद्र म्हणाला आणि गळाला आमिष लावू लागला.

नीरवसाहेब भला माणूस. गप्प बसलेल्या पाहुण्यांना बोलतं करावं म्हणून ते म्हणाले, "पाटणकर, आपको आज ऑफ़ कैसे मिला? शैलेंद्र तो कहता है, आपको फ़्राइडे ड्यूटी ही पसंद है. घर में बोर होते हैं."

पाण्याचा ड्रमांवर आपटण्याचा आवाज येत होता, एवढंच कुंदाताईंना आठवतं. वासुदेवरावांनी थर्मास उघडला. सगळ्यांना चहा दिला, आधी साहेबांना, मग शैलेंद्रला. थालीपिठांचा डबा मात्र कुंदाताईंनी उघडला नाही. चहा संपल्यावर वासुदेवराव उठले. "चलते हैं सर. घर में काम है."

होडीत याकूब संतापला होता. मराठी त्याला येत नव्हती, पण दारातून त्याने सगळं पाहिलं होतं. "तू बस एक बार बोल. मैं रस्सी काटता हूँ. यल्ला, बोल!"

"नहीं चाचा," वासुदेवराव म्हणाले. "मेहमान अंदर हैं."

संध्याकाळी शैलेंद्र त्यांच्या दारात आला. हातात पिशवी, पिशवीत मोठा हमूर, म्हणजे आपला गोबरा. नेहमीप्रमाणे चप्पल काढून तो थेट स्वयंपाकघराकडे निघाला.

"या शैलेंद्रसाहेब," वासुदेवराव हॉलमधून म्हणाले. "इथे बसा. पाणी घेणार?"

तो थबकला. "काका, हे काय? मला कधीपासून अहोजाहो?"

"बसा ना."

"काका, ऐका तरी. प्रमोशनचं चाललंय माझं. साहेबांना फिशिंगचं वेड आहे. तुम्ही तर एप्रिलमध्ये जाणारच, मला वाटलं, तुम्हाला काय फरक पडतो..."

कुंदाताईंनी ट्रेमधून पाणी आणलं. त्या मुलाला त्या घरात पहिल्यांदाच ट्रेमधून पाणी मिळालं. तो अर्धा ग्लास प्यायला. मासा परत न्या म्हणून कुणी सांगितलं नाही, पण जाताना पिशवी त्यानेच उचलली. वासुदेवराव त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले, दार बंद होईपर्यंत उभे राहिले.

पाण्यावरच्या घरी वासुदेवराव पुन्हा गेले नाहीत. कंपनीत कुणाकडे चकार शब्द काढला नाही. शैलेंद्र अधूनमधून येत राहिला, हरवलेलं काहीतरी सापडेल अशा आशेने. त्याला चहा मिळे, सोबत बिस्किटं, आणि "तुमच्या मुलीचा अभ्यास कसा चाललाय?" अशी चौकशी.

एप्रिलमध्ये विमानतळावर आम्ही दोन-चार शेजारी होतो. शैलेंद्रही आला होता. सगळ्यांसमोर वाकून त्याने वासुदेवरावांच्या पायाला हात लावला आणि वाकलेलाच राहिला. "काका, एकदा तरी 'तू' म्हणा."

वासुदेवरावांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. कुंदाताईंनी ट्रॉली पुढे ढकलली.

"काळजी घ्या," वासुदेवराव म्हणाले.